फुलांची विद्या आणि सरकारी अनुदान

फुलशेतीस सरकार पैसा देतें, ही गोष्ट आमच्या शेतकरी बंधूंस आतां नवीन राहिलेली नाहीं. पॉलिहाऊसचा सांगाडा, त्यावरील प्लॅस्टिकचा कागद, ठिबकाच्या नळ्या, रोपें, शीतगृह या सर्वांवर अनुदान आहे, आणि तें मिळवण्यासाठीं कोणत्या कचेरीचा उंबरठा चढावा लागतो हेंहि गांवोगांव माहीत झालें आहे. परंतु याच फुलशेतीचें शिक्षण घेण्यासाठींहि पैसा मिळतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आणि ज्यांस ठाऊक असतें त्यांतलेहि बरेच जण ती रक्कम क्षुल्लक मानून सोडून देतात. हें सोडून देणें किती महाग पडतें, शिक्षणासाठीं पैसा कोठकोठून येऊं शकतो, आणि तो पदरीं पडावा म्हणून आपण काय केलें पाहिजे, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पवनेकांठची स्थिति

रावेत हें पवनेच्या कांठचें गांव. येथील बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड शहराचें पिण्याचें पाणी उचललें जातें. १९९७ सालीं आसपासच्या गांवांबरोबर रावेतहि महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें. पुढें २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग पुरा झाला व त्याचें पुण्याकडील तोंड शेजारच्या किवळ्याजवळ आलें. तेव्हांपासून या टापूंतील जमिनीचा भाव पिकावर ठरेनासा झाला. ज्या रानांत नांगर चालत असे तेथें आज दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि ज्यांनीं जमीन राखली आहे त्यांच्याकडे ती एकरांनीं नव्हे तर गुंठ्यांनीं उरली आहे.

जमिनीचे तुकडे होण्याचा हा रोग मात्र आजचा नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं याच टापूंतील पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर व शेतोशेत पाहणी करून १९१७ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेतांचे बारीक बारीक तुकडे व कुटुंबांवरील कर्ज यांचें जें चित्र त्यांनीं त्या वेळीं रेखाटलें, तें आजच्या वाचकासहि ओळखीचें वाटेल. फरक एवढाच कीं, तेव्हां तुकड्यावर पोट भरत नसे म्हणून माणूस मुंबईस किंवा खडकीस कामाला जाई. आतां तो चाकणच्या कारखान्यांत जातो.

गुंठ्यांच्या शेतींत ज्या थोड्या पिकांवर एक कुटुंब नीट चालूं शकतें, त्यांत फुलांचें स्थान वरचें आहे. रावेतहून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर मावळ तालुका लागतो. तेथील गुलाब दर वर्षीं फेब्रुवारींतील व्हॅलेंटाईन दिनासाठीं परदेशीं रवाना होतो. तळेगांव दाभाड्याजवळ औद्योगिक विकास महामंडळानें फुलशेतीसाठीं स्वतंत्र वसाहत वसवली आहे. पुण्याचा गुलटेकडीचा बाजार व मुंबईचा दादरचा बाजार दोन्ही हाताशीं आहेत. जमीन थोडी, बाजार जवळ, रस्ता उत्तम, अशी ही स्थिति आहे. उणीव आहे ती विद्येची.

फुलाची विद्या म्हणजे काय

कोणी म्हणेल, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झेंडू व शेवंती लावीत आलों, आम्हांस फुलांची विद्या ती काय शिकवावयाची? त्यांस आमचें नम्र सांगणें असें कीं, उघड्या रानांतील झेंडू आणि पॉलिहाऊसमधील जरबेरा यांत बैलगाडी व मोटार यांच्याइतकें अंतर आहे.

जरबेऱ्याचें रोप लावतांना त्याचा गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो बोटभर खालीं गेला कीं कुजतो, आणि महाग रोप महिन्याभरांत मरतें. त्याचें फूल कापावयाचें नसतें, तर दांडा बुडाशीं धरून हलका पीळ देऊन ओढून काढावयाचें असतें. कापल्यास उरलेलें खुंट सडतें व सड गड्ड्यांत उतरते. फूल केव्हां काढावें यासहि नियम आहे. मधल्या चकतीवरील बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या कीं तें काढावें. त्याआधीं काढल्यास दांडा लवकर मान टाकतो. गुलाबाची गोष्ट याच्या उलट. तो कळींतच काढावा लागतो व काढतांच थंड पाण्यांत ठेवावा लागतो.

पाण्यांतील क्षार मोजणें, मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक जरबेऱ्यासाठीं साडेपांच ते साडेसहाच्या दरम्यान राखणें, ठिबकांतून कोणतें खत कोणत्या खताबरोबर द्यावें व कोणतें देऊं नये हें जाणणें, हा सर्व रोजचा व्यवहार आहे. लाल कोळी व फुलकिडे यांवर एकच औषध पुनःपुन्हां मारल्यास कीड मरेनाशी होते, म्हणून औषधाचा गट पालटून मारावा लागतो. व्हॅलेंटाईनचा गुलाब धरावयाचा तर तोडणीच्या सुमारें पंचेचाळीस ते पन्नास दिवस आधीं झाडाचे शेंडे वाकवावे व छाटावे लागतात. रात्रींची थंडी वाढली तर हे दिवसहि वाढतात. हिशेब चार दिवसांनीं चुकला तर फूल निघतें, पण विमान गेलेलें असतें, आणि निर्यातीचा गुलाब गांवच्या बाजारीं मिळेल त्या भावानें विकावा लागतो.

ही विद्या बापापासून मुलाकडे आलेली नाहीं, कारण बापाच्या काळीं हीं पिकेंच आमच्याकडे नव्हतीं. ती कोणाकडून तरी शिकून घ्यावी लागते. न शिकतां जो धंद्यांत पडतो तो अनुदान मिळवतो, बँकेचें कर्ज काढतो, दोन वर्षें कशींबशीं रेटतो, आणि तिसऱ्या वर्षीं फाटलेला कागद पालटण्यास पैसा नाहीं म्हणून सांगाडा उघडा टाकतो. असे उघडे सांगाडे पुणें जिल्ह्यांत हिंडणाऱ्याच्या दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत.

अनुदानाचा हिशेब

आतां आंकडे पाहूं. केंद्र सरकारनें राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ सालीं सुरू केलें व २०१४-१५ पासून तें एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानांत समाविष्ट झालें. त्याचा खर्च आपल्या राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० या प्रमाणांत सोसतें. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसचा खर्च, क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक व १००८ चौरस मीटरांपर्यंत असल्यास, दर चौरस मीटरास ९३५ रुपये धरला होता व त्याच्या निम्मी रक्कम अनुदान म्हणून मिळे. म्हणजे दहा गुंठ्यांच्या, अर्थात् १००८ चौरस मीटरांच्या पॉलिहाऊसचा मान्य खर्च ९,४२,४८० रुपये व अनुदान ४,७१,२४० रुपये. त्यांत जरबेरा लावल्यास रोपें व लागवडीचा मान्य खर्च दर चौरस मीटरास ६१० रुपये, म्हणजे एकूण ६,१४,८८० रुपये व त्याचें अनुदान ३,०७,४४० रुपये. दोन्हींची बेरीज ७,७८,६८० रुपये.

याच सूचनांत शेतकऱ्याच्या राज्यांतर्गत प्रशिक्षणासाठीं प्रवासखर्च धरून दर दिवशीं दर शेतकऱ्यामागें १००० रुपये मान्य होते, आणि हा खर्च निम्मा नव्हे तर पूर्ण सरकारचा होता. पांच दिवसांच्या वर्गास त्याप्रमाणें ५००० रुपये होतात. म्हणजे एकाच शेतकऱ्यामागें लोखंड, कागद व रोपें यांवर सरकारचे पावणेआठ लाखांहून अधिक, आणि तें लोखंड वापरण्याच्या अकलेवर पांच हजार! एक रुपया शिक्षणास तर सुमारें एकशें पंचावन्न रुपये सामानास, असें हें प्रमाण पडतें. २०२५ सालीं सुधारित सूचना निघून खर्चाचे दर पालटले आहेत, तेव्हां ज्यांस अर्ज करावयाचा त्यांनीं चालू दर तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींत पाहून घ्यावे. आम्हीं जुने आंकडे दिले ते केवळ प्रमाण ध्यानांत यावें म्हणून.

सरकारचा हात शिक्षणाकडे आंखडता आहे, हें यावरून दिसतेंच. परंतु दोष एकट्या सरकारचा नाहीं. सामानाच्या अनुदानासाठीं आम्ही वर्षभर हेलपाटे घालतों, पुढाऱ्याची चिठ्ठी आणतों, ठेकेदारास बरोबर नेतों. प्रशिक्षणाच्या अनुदानामागें ठेकेदार नसतो, म्हणून त्याची आठवण करून देणाराहि कोणी नसतो. मागणी नाहीं तेथें पुरवठा वाढत नाहीं, हा न्याय बाजाराइतकाच सरकारी कचेरीसहि लागू आहे.

शेतकऱ्याचा पैसा व शेतकऱ्याचें शिक्षण

शिक्षणासाठीं सरकारकडे पैसा मागणें म्हणजे भिक्षा मागणें, असा कांहीं मानी शेतकऱ्यांचा समज असतो. तो दूर होणें अवश्य आहे. मुंबई इलाख्यांत १८६० नंतरच्या दशकांत जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली, व तिच्यांतील तिसरा हिस्सा शिक्षणासाठीं राखून ठेवण्यांत आला. खेड्यांतील शाळा या पैशावर चालत. म्हणजे शेतकरी आपल्या शिक्षणाची किंमत आणेवारीनें आगाऊच भरीत होता.

या बाबतींत पुण्याच्या एका थोर पुरुषाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. पेशव्यांस फुलें पुरवण्याच्या धंद्यावरून तें फुले झालें. फुलांच्या धंद्यांतून आलेल्या या पुरुषानें १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनापुढें निवेदन सादर केलें. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो, हें त्यांनीं त्यांत स्पष्ट मांडलें. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणांत शेतकीचें सोपें ज्ञान असावें, आणि शिक्षक असे असावे कीं, ज्यांस नांगराचा रुमणा धरण्याची किंवा सुताराचा वाकस हातीं घेण्याची लाज वाटणार नाहीं, अशी त्यांची मागणी होती. या गोष्टीस आज एकशें चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. मागणीचा अर्थ मात्र अद्याप ताजा आहे.

आजहि हा संबंध तुटलेला नाहीं. १९६२ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत शिक्षण उपकर बसला, व नगदी पिकांखालील शेतजमिनीवर विशेष आकारणीची तजवीजहि त्याच कायद्यांत झाली. महसूल खात्याच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें हें आम्हांस सांगतां येतें. शिक्षणाच्या नांवानें ज्यानें कर भरला त्यानें शिक्षणासाठीं अनुदान मागितलें, तर तो आपलेंच परत मागतो; त्यांत संकोच कसला?

विद्या कोठें मिळते

फुलशेतीची विद्या मिळवण्यासाठीं रावेतकरांस दूर जावयास नको. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्था तळेगांव दाभाडे येथें आहे. फलोत्पादन प्रशिक्षण केंद्र म्हणून ती नेदरलँड्सच्या तांत्रिक साहाय्यानें उभी राहिली. तेथें पॉलिहाऊसच्या व्यवस्थापनाचे निवासी वर्ग होतात, व शिकणाऱ्यास प्रत्यक्ष पॉलिहाऊसमध्यें काम करावयास मिळतें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा हायटेक पुष्पोत्पादन प्रकल्प आहे; तेथेंहि थोड्या दिवसांचे वर्ग चालतात. भारतीय कृषि संशोधन परिषदेचें पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय २००९ सालीं स्थापन झालें व पुढें तें पुण्यास आलें. म्हणजे साऱ्या देशाचें फुलांचें संशोधन आपल्या दारीं आहे. जिल्ह्यांत बारामती व नारायणगांव येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. त्यांचा खर्च परिषद सोसते व शेतकऱ्यास शिकवणें हेंच त्यांचें काम.

ज्या तरुणास घर सोडतां येत नाहीं त्यानें नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे पाहावें. १९८९ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठानें शेतीचे शिक्षणक्रम मराठींतून घरबसल्या शिकण्याची सोय केली आहे.

ज्यास नोकरी करावयाची आहे त्याच्यासाठीं वेगळी वाट आहे. देशांत २०१३ पासून भारतीय कृषि कौशल्य परिषद काम करीत आहे. फुलशेती करणारा, पॉलिहाऊस चालवणारा, माळी अशा कामांचीं मापें तिनें ठरवून दिलीं आहेत. २०१५ पासून चाललेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत अशा वर्गांची फी सरकार भरतें, व परीक्षा उतरणाऱ्यास प्रमाणपत्र मिळतें. आठ-दहा पॉलिहाऊस असलेल्या मालकास प्रमाणपत्रधारक देखरेख्या नेहमींच हवा असतो.

याशिवाय कृषि तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, जिला सर्वजण आत्मा म्हणतात, तिच्यामार्फत शेतकरी गटांचें प्रशिक्षण, अभ्यासदौरे व शेतावरील शाळा यांस पैसा मिळतो. १९९८ सालीं देशांतील ज्या सात राज्यांत हिचा प्रथम प्रयोग झाला त्यांत महाराष्ट्र होता. ही यंत्रणा एकट्या शेतकऱ्यापेक्षां गटास आधीं ओळखते, हें ध्यानांत ठेवावें.

कोणास शिकवावें

येथें एका नाजूक गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें भाग आहे. प्रशिक्षणास जातो तो बहुधा ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे तो. म्हणजे घरचा वडील पुरुष. फुलें तोडते, निवडते, जुड्या बांधते ती घरची बाई किंवा रोजावरची मजूर बाई. औषध मारतो तो गडी. वडील पांच दिवस तळेगांवीं राहून येतात, वही भरून आणतात, आणि ती वही कपाटांत ठेवतात. जिच्या हातानें दांडा ओढला जातो तिला कोणी कांहीं सांगितलेलें नसतें. मग पांच दिवसांच्या शिक्षणाचा उपयोग काय?

आत्माच्या नियमांत कार्यक्रमांच्या पैशांपैकीं निदान ३० टक्के स्त्री-शेतकऱ्यांसाठीं राखावे असें आहे. १९९२ सालीं लक्ष्मीमुक्ति योजनेनें पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. तिचा फायदा ज्यांनीं घेतला त्यांच्या घरीं बाईला खातेदार म्हणून वर्गांत बसण्यास अडचण राहत नाहीं. ज्यांनीं घेतला नाहीं त्यांनीं आतां घ्यावा. घरांतून एक पुरुष व एक स्त्री अशीं दोघें शिकून आलीं, तर ती विद्या घरांत टिकते. एकटा शिकलेला मनुष्य आजारी पडला किंवा परगांवीं गेला कीं पॉलिहाऊस पोरकें होतें.

मुलांविषयींहि दोन शब्द. रावेत-किवळ्याकडचीं मुलें इंजिनिअरिंगकडे किंवा चाकणच्या कारखान्याकडे धांवतात, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या घरीं वीस गुंठे राहिले आहेत त्या घरच्या एका तरी मुलानें किंवा मुलीनें ही विद्या घेतली नाहीं, तर वडिलांच्या मागें ते वीस गुंठेहि बिल्डराकडे जाणार हें ठरलेलें आहे. जमीन विकून आलेला पैसा किती वर्षें पुरतो, हें या टापूंत कोणी कोणास सांगावें असें नाहीं.

कागदपत्रांची बाजू

अर्ज मंजूर न होण्याचीं कारणें बहुतेक कागदांतलीं असतात. कांहीं सूचना येथें देतों.

पहिली, पिकाची नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्यानें आपलें पीक स्वतः मोबाईलवरून नोंदवावयाचें असतें. रानांत गुलाब आणि गांव नमुना बारांत ज्वारी, असें असेल तर फुलशेतीचा शेतकरी म्हणून तुम्हांस कोण ओळखणार?

दुसरी, सामाईक खातें. सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतील तर बाकीच्या तिघांचें संमतिपत्र आधींच तयार ठेवावें. मयताचें नांव तसेंच राहिलें असेल तर वारसाची नोंद प्रथम करून घ्यावी. अर्जाच्या वेळीं धांवाधांव केल्यास मुदत टळते.

तिसरी, हद्द. महानगरपालिकेच्या हद्दींत आलों म्हणून शेतीच्या योजनांतून आपण आपोआप बाद झालों, असें मानून कांहीं मंडळी स्वस्थ बसतात. तसें न करतां सातबारा व आठ-अ घेऊन कृषि खात्याच्या कचेरींत लेखी विचारावें. योजनायोजनांचे नियम वेगळे असतात. तोंडी उत्तरावर विसंबूं नये.

चौथी, पूर्वसंमति. सामानाचें अनुदान महाडीबीटी या संकेतस्थळावरील अर्जानें मिळतें, व पूर्वसंमतीचें पत्र हातीं येण्याआधीं काम सुरू केलें तर तें बुडतें. या मधल्या काळांत शेतकरी नुसता वाट पाहत बसतो. प्रशिक्षणासाठीं याहून योग्य वेळ दुसरी नाहीं. वर्गाचा दाखला बँकेपुढें कर्जप्रकरणांत वजन आणतो, हा आणखी फायदा.

कारखान्यांचा वाटा

सरकारशिवाय दुसरें एक दार आहे, आणि तें आमच्या टापूंत इतर कोणत्याहि टापूपेक्षां मोठें आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनीं आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हें लागू आहे. खर्चाच्या यादींत शिक्षण व रोजगार वाढवणारें धंदेशिक्षण स्पष्टपणें आहे, आणि कंपनी जेथें काम करते त्या भागास प्राधान्य द्यावें असेंहि कायदा म्हणतो.

पिंपरी, चिंचवड, तळवडें, चाकण, तळेगांव हा सारा पट्टा कारखान्यांचा आहे. या कारखान्यांखालीं जी जमीन आहे ती कालपर्यंत शेतकऱ्याची होती. त्यांच्या नफ्यांतील या हिश्शावर येथील उरलेल्या शेतकऱ्याच्या शिक्षणाचा हक्क नाहीं, असें कोण म्हणेल? परंतु कंपनी एकट्यादुकट्यास पैसा देत नाहीं. नोंदलेली संस्था लागते, तिचे हिशेब तपासलेले लागतात, आयकर खात्याकडील नोंदणी लागते, व १ एप्रिल २०२१ पासून अशीं कामें करणाऱ्या संस्थेनें कंपनी खात्याकडेहि नांव नोंदवावें लागतें. हीं कामें एकदां करून ठेवलीं कीं पुढें दर वर्षीं उपयोगीं पडतात. अर्जांत मोघम लिहूं नये. इतके शेतकरी, त्यांत इतक्या स्त्रिया, इतके दिवस, अमुक संस्थेंत, अमुक पिकाचें शिक्षण, खर्च इतका, आणि वर्षअखेर त्याचा परिणाम कसा मोजणार, एवढें एका पानांत मांडावें. कारखान्याचा माणूस आंकड्यांची भाषा जाणतो.

स्वतःचा निधि

मागणारा स्वतः कांहीं घालतो तेव्हांच त्याच्या मागणीस बळ येतें. अमेरिकेंतील फुलांच्या धंदेवाल्यांनीं १९६१ सालीं फुलांसाठीं एक कायम निधि स्थापन केला. उत्पादक, घाऊक व्यापारी व दुकानदार त्यांत वर्गणी घालतात. त्यांतून संशोधनास, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांस व शिक्षणाच्या कार्यक्रमांस अनुदान मिळतें. धंदा सरकारच्या तोंडाकडे न पाहतां आपली पुढची पिढी आपण शिकवतो, हें त्यांतलें मर्म.

पण एवढ्या दूर तरी कां जावें? पुण्याजवळ मांजरीस वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. महाराष्ट्रांतील सहकारी साखर कारखान्यांनीं व त्यांच्या ऊस-उत्पादक सभासदांनीं ती १९७५ सालीं उभी केली. गाळलेल्या उसावर टनामागें कारखाने वर्गणी देतात, त्यावर तेथील संशोधन व शिक्षण चालतें. उसासारख्या धिम्या पिकास जें साधलें, तें फुलांसारख्या रोकड पिकास न साधावें हें आश्चर्य!

याचा हिशेब अगदीं सोपा आहे. दहा गुंठे जरबेऱ्यापासून, निगा चांगली असल्यास, वर्षाकांठीं सुमारें दोन लाख फुलें निघतात. दर फुलामागें एक पैसा बाजूस टाकला तर वर्षाचे दोन हजार रुपये होतात. असे पन्नास शेतकरी एकत्र आले तर एक लाख रुपये. वर दिलेल्या दिवसाच्या एक हजार रुपयांच्या दरानें त्यांत वीस जणांचा पांच दिवसांचा एक वर्ग होतो. म्हणजे सरकारनें एक छदाम दिला नाहीं, कारखान्यानें दार उघडलें नाहीं, तरीहि दर वर्षीं वीस माणसें शिकून बाहेर पडतील. आणि फुलामागें एक पैसा कोणास जड जावा?

झेंडू-शेवंतीवाल्यांनीं किलोमागें, गुलाबवाल्यांनीं जुडीमागें असाच कांहीं आंकडा ठरवावा. वर्गणी अल्प असावी, पण चुकूं नये. हिशेब दर तिमाहीस या मासिकांत छापला जावा, म्हणजे संशयास जागा राहणार नाहीं. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी लागली तेव्हां तयार फुलें उकिरड्यावर टाकण्याची पाळी फुलवाल्यांवर आली. अशा प्रसंगीं फुलांचा दुसरा उपयोग करून चार पैसे वांचवण्याचें ज्ञान पदरीं असतें तर सारें नुकसान टळलें नसतें हें खरें, परंतु थोडेंबहुत तरी हातीं लागलें असतें.

आमची सूचना

एवढें लिहून आम्ही आमच्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढें चार ठराव ठेवूं इच्छितों. पहिला, गांवोगांव फुलशेतकऱ्यांचे वीस-वीसांचे गट बांधून त्यांची नोंद आत्माकडे करावी, व दर गटांत निदान सहा स्त्रिया असाव्या. दुसरा, मंडळानें प्रशिक्षणाचा एक वार्षिक तक्ता ठरवून कृषि खात्याकडे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधींच लेखी मागणी पाठवावी. मार्च उजाडल्यावर उरलेल्या पैशाची वाट पाहूं नये. तिसरा, मंडळाच्या कंपनी खात्याकडील व आयकर खात्याकडील नोंदणीचें काम एका जबाबदार सभासदाकडे सोंपवावें व परिसरांतील कारखान्यांस अर्ज करावे. चौथा, फुलामागें एक पैसा या हिशेबानें शिक्षण-निधि सुरू करावा.

या ठरावांस अनुमोदन देणारांनीं, तसेंच ज्यांस ते अव्यवहार्य वाटतात त्यांनींहि, आपलें म्हणणें सभेच्या आधीं मंडळाच्या चिटणीसांकडे लेखी पाठवावें. आक्षेप येतील त्यांचें उत्तर देण्यास आम्ही सभेस हजर राहूं. पहिला वर्ग येत्या पावसाळ्यांत व्हावा अशी आमची इच्छा आहे, कारण त्या दिवसांत फुलांस भाव कमी व शेतकऱ्यास सवड अधिक असते. आणि गणपतीच्या हंगामाआधीं माणसें शिकून परत आलीं, तर त्या शिक्षणाची परीक्षा त्याच वर्षीं बाजारांत होईल.